लाकडी जहाजाचं पहिलं किट: आधी सांगाडा, मग फळ्या, दोऱ्यांचं नंतर बघू

पहिलं किट घेताना जवळपास सगळेच बॉक्सवरच्या चित्राला भुलतात. तीन डोलकाठ्या, फुगलेली शिडं, तोफांच्या खिडक्यांच्या रांगा, आणि मग ब्रिटिश नौसेनानी नेल्सनची एचएमएस व्हिक्टरी कार्टमध्ये जाऊन पडते. व्हिक्टरी म्हणजे शंभर तोफांचं जहाज, १७६५ मध्ये पाण्यात उतरलेलं, आजही पोर्ट्समथला बघायला मिळतं. मॉडेल भारीच होतं, नाही म्हणत नाही, पण त्यात काम काय तर तीच तोफ शंभर वेळा, तीच गाठ शेकडो वेळा, आणि हे सगळं सुरू व्हायच्या आधी एक मोठ्ठं गोल पोटाचं हल, म्हणजे जहाजाचं धड, जे तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच करताय. असली किटं माळ्यावर जातात आणि काही वर्षांनी कोणीतरी "अर्धवट, सगळे पार्ट आहेत" म्हणून विकायला काढतं.

तर पहिलं किट छोटं घ्या, एका नाहीतर फार तर दोन डोलकाठ्यांचं, तोफा नसलेलं किंवा मोजक्याच असलेलं, आणि मुख्य म्हणजे दोन थरांच्या प्लँकिंगचं, म्हणजे सांगाड्यावर फळ्यांचे दोन थर चढवायचे असं. दोन थर म्हणजे आधी बासवूड किंवा लाइमवूडच्या जाड पट्ट्या लावायच्या, घासून गुळगुळीत करायच्या, आणि त्यावर अर्धा मिमी जाडीच्या अक्रोड वगैरे चांगल्या लाकडाच्या पट्ट्या. पहिल्या थरात कितीही गोंधळ झाला तरी पुट्टी लावून, पॉलिश पेपर मारून झाकता येतो, नंतर कोणाला दिसतच नाही. एका थराच्या किटात ही सोय नाही, जे लावाल ते तसंच दिसणार.

नावं हवीत तर अमाती कंपनीची लेडी नेल्सन आहे, १:६४ ची (म्हणजे खऱ्या जहाजाच्या चौसष्टाव्या भागाएवढी), एका डोलकाठीची कटर. आर्टेसानिया लॅटिनाची स्विफ्ट आहे, १:५० ची, व्हर्जिनियाची पायलट बोट, दोन डोलकाठ्या आणि तोफा अजिबात नाहीत. ऑक्रेची पोलारिस नवशिक्यांसाठीच काढलेली आहे. अजून एक वेगळा रस्ता म्हणजे मॉडेल शिपवेजची तीन छोट्या बोटींची सिरीज: १:२४ ची लॉवेल ग्रँड बँक्स डोरी, मग १:१२ ची नॉर्वेजियन प्रॅम, मग १:२४ चा मस्कॉन्गस बेचा लॉब्स्टर स्मॅक (शेवंड पकडायची होडी), चढत्या क्रमाने अवघड. डोरी म्हणजे कॉड मासे पकडायला जाणाऱ्या स्कूनर जहाजावर एकात एक बसवून रचून ठेवायचे ती सपाट तळाची होडी, त्या मॉडेलच्या नावातलं लॉवेल म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या एम्सबरीतलं १७९३ पासूनचं लॉवेल बोट शॉप. ज्यांना आपल्याला हे जमेल की नाही हीच शंका आहे त्यांनी डोरीपासून सुरू करावं. पण पुढचं मी जे सांगतोय ते दोन थरांच्या, बल्कहेडवाल्या (म्हणजे आडव्या फासळ्यांचा सांगाडा असलेल्या) किटाबद्दल आहे.

भारतात बसून घेताना किटाच्या किमतीवर शिपिंग आणि कस्टम ड्युटी धरूनच हिशेब करा, नाहीतर कुरियरवाला दारात आल्यावर धक्का बसतो. अमेरिकेतून किंवा युरोपातून कोणी नातेवाईक येणार असेल तर आधी बॉक्सची लांबी विचारून घ्या, पट्ट्या लांब असतात त्यामुळे काही बॉक्स सुटकेसमध्ये मावत नाहीत. आणि फारच स्वस्त दिसणारं, मोठ्या जहाजाचं, कंपनीचं नाव धड न लिहिलेलं किट दिसलं तर सोडून द्या. त्यातली बरीच दुसऱ्याच्या डिझाइनची नक्कल असतात, प्लॅन झेरॉक्सची झेरॉक्स, माप जुळत नाही, आणि पार्ट हरवला तर मागायचा कोणाकडे.

हत्यारं सुरुवातीला भरमसाठ घेऊ नका. अकरा नंबरचं ब्लेड लागणारी हॉबी नाइफ, स्टीलची पट्टी, छोटा गुण्या, हाताने फिरवायचं पिन व्हाइस आणि अर्ध्या ते दीड मिमीचे ड्रिल बिट, दोन चांगले चिमटे, छोट्या कानशींचा सेट, १२०, २२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, कपडे वाळत घालायचे चिमटे डझनभर, काळे बाइंडर क्लिप, रबर बँड. शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक शोधून ठेवा, त्याचं काम पुढे सारखं पडणार आहे. जमलं तर एक छोटा रंधा. पॉलिश पेपर नुसता बोटांनी धरून घासू नका, सरळ लाकडाच्या ठोकळ्याला चिकटवून घासा, आणि एक लांब लवचिक पट्टीलाही चिकटवून ठेवा.

गोंद म्हणाल तर नव्वद टक्के काम साध्या फेविकॉल एसएचने होतं. वॉटरप्रूफ मरीन वापरायचा मोह होतो, बोट आहे ना म्हणून, पण ही बोट पाण्यात जाणार नाहीये, आणि साध्या फेविकॉलचा सांधा चुकला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून थोड्या वेळाने सोडवता येतो, ती सोय मोठी आहे. फेविक्विक जिथे पटकन पकड हवी तिथेच, थेंबभर, खिडकी उघडी ठेवून. बाहेरच्या थरावर शक्यतो नकोच कारण तो लाकडात मुरतो आणि वार्निश मारल्यावर तिथे डाग उठून दिसतो. धातूचे पार्ट लाकडाला चिकटवायला अ‍ॅराल्डाइट.

बॉक्स उघडला की पार्ट लिस्टप्रमाणे सगळं मोजा. लेझर कट शीटमधून काहीही सोडवायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने नंबर लिहा, कारण शीटमधून निघाल्यावर सात नंबरचं बल्कहेड आणि आठ नंबरचं बल्कहेड जुळी भावंडं वाटतात. प्लॅनची झेरॉक्स काढून घ्या, साइज शंभर टक्केच ठेवायला सांगा. माहितीपुस्तिका इटालियन किंवा स्पॅनिशवरून इंग्रजीत आलेली असते आणि काही वाक्यं वाचून काहीच कळत नाही, अशा वेळी शब्दांपेक्षा चित्रांवर आणि प्लॅनवर भरवसा ठेवा. एकदा शेवटपर्यंत वाचून काढा, कारण पान वीसवरची गोष्ट पान चारवर करायला हवी होती असं निघतं. उदाहरणार्थ स्टँडच्या स्क्रूची भोकं. मॉडेल शेवटी दोन खुंट्यांवर उभं करायचं असेल तर मधल्या मोठ्या तुकड्याला भोकं आत्ताच पाडा आणि आतून नट बसवून ठेवा, नंतर तयार बोटीला खालून ड्रिल लावायची हिंमत होत नाही.

आता सांगाडा. मधोमध उभा प्लायचा तुकडा असतो त्याला फॉल्स कील म्हणतात, त्यात खाचा असतात, त्या खाचांमध्ये आडवी बल्कहेड बसतात, एवढंच. पण फॉल्स कील वाकडी असेल तर अख्खी बोट वाकडी होणार आणि ते नंतर कशानेच सुधारत नाही. काचेवर किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवून बघा, वाकलेली दिसली तर थोडी ओलसर करून वजनाखाली दोन दिवस ठेवा. मग सगळी बल्कहेड गोंद न लावता बसवून बघा. खाच घट्ट असेल तर ठोकायचं नाही, कानशीने हलकं घासायचं. हलके दाबून बसलं पाहिजे, डुगडुगायला नको. वरचा डेकचा प्लायही ठेवून बघा, तो नीट टेकतोय का. सगळं पटलं की मगच गोंद, आणि प्रत्येक बल्कहेड चिकटवताना गुण्या लावून काटकोन बघायचा, घरात मुलांचे लेगो असतील तर त्यांच्या ठोकळ्यांनी दोन्ही बाजूंनी धरून ठेवता येतं, ते एकदम नव्वद अंशात असतात.

नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, पहिल्या दोन बल्कहेडच्या मधे लाकडाचे ठोकळे भरा, किटात दिलेले नसले तरी भरा. बासवूड किंवा कुठलंही मऊ लाकूड चालतं. नाळेला फळी सगळ्यात जास्त वळते आणि तिला टेकायला जागाच नसेल तर ती दोन बल्कहेडच्या मधे चपटी होते.

यानंतर येतं फेअरिंग, आणि जर कुठे वेळ घालवायचा असेल तर तो इथे घाला. बल्कहेडच्या कडा लेझरने सरळ काटकोनात कापलेल्या असतात पण फळी त्यांच्यावरून तिरकी जाणार असते, त्यामुळे कड तिरकी घासून घ्यायची, पुढच्या बल्कहेडची पुढची धार आणि मागच्यांची मागची धार. मधल्यांना जवळपास काही करावं लागत नाही. किती घासायचं हे डोळ्यांनी ठरवू नका. एक फळी घ्या, नाळेपासून मागेपर्यंत बल्कहेडवर टेकवून धरा आणि बघा ती प्रत्येक बल्कहेडला पूर्ण जाडीवर टेकतेय की नुसती एका धारेवर. कुठे उचकतेय, कुठे खाली फट राहतेय. मग वर, मधे, खाली अशी फिरवत बघत जा. एखादं बल्कहेड खोल असेल तर त्यावर पातळ पट्टी चिकटवून परत घासा. कंटाळवाणं काम आहे, धूळ होते, मास्क लावा. पण इथे अर्धा मिमीचा उंचवटा राहिला तर तो दोन्ही थरांमधून वर दिसतो, आणि नंतर लोक म्हणतात माझं प्लँकिंग चुकलं, वास्तविक प्लँकिंग ठीक असतं, खालचा सांगाडाच उंचसखल असतो.

आणि मागचा खालचा भाग, जिथे सुकाणू बसतं त्याच्या अलीकडे. तिथे फॉल्स कील मुद्दाम पातळ करायची असते, हे बऱ्याच पुस्तिकांत एका ओळीत उरकलेलं असतं. गणित साधं आहे. समजा फॉल्स कील ५ मिमी, पहिला थर दीड मिमी, दुसरा अर्धा. दोन्ही बाजूंचे मिळून ४ मिमी वाढले, म्हणजे ९ मिमी, आणि मागची उभी खांबली फक्त ५ मिमीची. म्हणून मागच्या कडेला फॉल्स कील साधारण १ मिमीपर्यंत उतरती घासायची, म्हणजे दोन्ही थर लावल्यावर सगळं एका पातळीत येतं. प्लॅनवर एक वाकडी रेघ असते, तिथून उतार सुरू करायचा.

प्लँकिंगच्या आधी डेकचा प्लाय बसवून घ्या, त्याने सांगाडा ताठ होतो. डेकच्या फळ्या लावताना प्रत्येक फळीच्या एका कडेला पेन्सिल फिरवली की सांध्यातल्या डांबराची रेघ दिसते. खऱ्या जहाजावरच्या फळ्या काही टोकापासून टोकापर्यंत अखंड नसायच्या, २० ते २४ फुटांच्या असायच्या, म्हणजे १:६४ ला साडेनऊ ते साडेअकरा सेंटीमीटर, तेवढे तुकडे करून सांधे पुढेमागे ठेवले की डेक एकदम खरा वाटायला लागतो. स्केलचा अंदाज येत नसेल तर साडेपाच फुटी माणूस १:६४ ला साधारण २.६ सेंटीमीटरचा होतो, तेवढा एक पुठ्ठ्याचा कापून डेकवर उभा करा, दार, कठडा, शिडी सगळं त्याच्याकडे बघून तपासता येतं.

आता फळ्या. सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे फळ्या सरळ पट्ट्या आहेत आणि त्या एकाखाली एक लावत जायच्या. बोटीचं पोट मधे रुंद, नाळेला अरुंद. मधे जेवढ्या फळ्या मावतात तेवढ्या पुढे त्याच रुंदीने मावणारच नाहीत, मग त्या एकमेकांवर चढतात. म्हणून आधी मोजा. मधल्या बल्कहेडवर डेकच्या कडेपासून कीलपर्यंत कागदाची पट्टी लावून अंतर घ्या, समजा ८० मिमी आलं. फळी ५ मिमीची, म्हणजे १६ फळ्या. आता नाळेजवळ तेच अंतर मोजलं तर ४८ मिमी. भागिले १६, म्हणजे तिथे प्रत्येक फळी ३ मिमीची हवी. प्रत्येक बल्कहेडवर असं मोजून कर्कटकाने खुणा करा, आणि लावायच्या आधी प्रत्येक फळी त्या खुणांप्रमाणे पुढे निमुळती करा, पट्टी आणि ब्लेडने कापून मग रंध्याने. दोन्ही बाजूंच्या फळ्या जोडीने एकत्र धरून रंधल्या तर सारख्या होतात.

फक्त अर्ध्याहून बारीक करू नका. ५ ची अडीचच्या खाली गेली तर टोक कुजक्या काडीसारखं तुटतं आणि खिळाही बसत नाही. तेवढी जागाच नसेल तर दोन फळ्यांच्या टोकांच्या जागी एक रुंद टोक करून तिथे एक फळी कमी करायची. मागच्या बाजूला उलटं होतं, तिथे अंतर वाढतं, ८८ मिमी आलं तर १६ फळ्यांत ८ मिमी कमी पडतात, फटी राहतात. त्या फटींत निमुळत्या पाचरी बसवतात. पहिल्या थरात पाचरी कशाही बसवा, कोण बघतंय.

सुरुवात वरून करा, डेकच्या कडेची पहिली फळी, दोन्ही बाजूंना. ती समोरून, बाजूने, वरून सगळीकडून छान वाहती दिसली पाहिजे कारण बाकीच्या तिच्यामागे जातात. मग एक फळी डावीकडे, एक उजवीकडे, असंच जायचं. एकाच बाजूला सहा-सात लावून मोकळे झालात तर त्यांच्या ताणाने कील पिळते. चार-पाच जोड्या झाल्या की कीलला लागून असलेली खालची फळी लावून घ्या, आणि ती पुढे नाळेवर वर चढवू नका, तिथे ती लवकर संपवायची. ती वर चढली की मधल्या सगळ्या फळ्यांचा आकार बिघडतो.

वळवण्याबद्दल बरीच वेगवेगळी मतं आहेत. फळी गरम पाण्यात अर्धा तास भिजवली तरी पुरते, रात्रभर ठेवायची गरज नाही. भिजवलेली फळी बल्कहेडवर वाकवून चिमट्यांनी धरून ठेवा, पूर्ण वाळू द्या, आणि मगच गोंद लावा. ओली चिकटवली तर लाकूड फुगलेलं असतं, वाळल्यावर आक्रसतं आणि दोन फळ्यांमधे केसाएवढी फट पडते. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत वाळायला डबल वेळ लागतो, घाई करू नका. कमी वळणासाठी नुसता हेअर ड्रायर बास होतो, फळी क्लॅम्प करून वाकवायची, गरम करायची, गार होऊ द्यायची, आकार तसाच राहतो. रुंदीच्या दिशेने कडेवर वळवायची असेल तर हीच पद्धत चांगली, पाण्याशिवाय.

किटात बारीक पितळी खिळे येतात. ते पूर्ण ठोकू नका, आधी पिन व्हाइसने भोक पाडा (प्लाय कडक असतो, खिळा वाकतो), अर्धे आत घाला, गोंद वाळला की उपटून काढा. फेविकॉल बल्कहेडवर तर लावायचाच, पण शेजारच्या फळीच्या कडेलाही लावा, म्हणजे पूर्ण टरफल एकसंध होतं. फळीची कड आतल्या बाजूने किंचित तिरकी घासली की वळणावर बाहेरची फट बंद होते. दिवसाला दोन-तीन जोड्या झाल्या तरी पुष्कळ.

सगळं बंद झालं की घासायचं, १२० ने सुरू, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. खड्डे पुट्टीने भरा किंवा घासलेला भुसा फेविकॉलमधे कालवून भरा. डोळ्यांपेक्षा बोटांना उंचवटा लवकर कळतो, डोळे मिटून हात फिरवा. जोरात घासू नका, मूळ फळी दीड मिमीचीच आहे, नाळेवर आरपार व्हायला वेळ लागत नाही. 

दुसऱ्या थराला तेच गणित, पण आता हात सरावलेला असतो आणि पट्ट्या पातळ असल्याने वळतातही सहज. इथे फर्निचरवाले सनमायका लावायला वापरतात तो फेविकॉल एसआर ९९८ चालतो, दोन्ही बाजूंना लावायचा, सुकल्यासारखा झाला की टेकवायचा. पण टेकवला की संपलं, सरकवता येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याने साधाच फेविकॉल आणि बोटांनी दोन मिनिटं दाब हाच मार्ग घ्यावा. पट्ट्यांचे रंग कमीजास्त असतात, आधीच निवडून ठेवा, गडद पट्ट्या पाण्याच्या रेषेखाली टाका.

लाकडावरून आठवलं, काहीजण विचारतात किटातलं लाकूड बाजूला ठेवून सागवान वापरू का. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानाची जहाजं बांधली, १८१७ ची एचएमएस ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमधे हार्टलपूलला तरंगतेय, त्यामुळे ओढ वाटणं साहजिक आहे. पण सागाच्या रेषा जाड, छिद्रं मोठी, १:६४ ला ते लाकूड लाकूडच वाटत नाही. बारीक पोताचं लाकूड घ्या, पेअर किंवा बॉक्सवूड मिळालं तर सोनं.

फिनिशला चकचकीत वार्निश नको, मॅट पॉलियुरेथेन घ्या, पातळ करून कपड्याने पुसल्यासारखं लावा. नाहीतर चपडा स्पिरिटमधे विरघळवून दोन-तीन पातळ हात द्या, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि चुकला तर स्पिरिटनेच निघतो.

डोलकाठ्या गोल दांड्यांपासून करायच्या असतात आणि त्या वर निमुळत्या हव्यात. दांडी ड्रिल मशीनमधे हलकी धरून फिरवत पॉलिश पेपरमधून ओढली की होतं काम. मागे किती कललेली ते प्लॅनवरून कोन कापून पुठ्ठ्याचा टेम्प्लेट करा.

दोऱ्यांना लोक उगाच घाबरतात, हलपेक्षा हे काम सोपं आहे, फक्त वेळ खातं. डोलकाठीला जागेवर धरून ठेवणारे कायमचे दोर गडद, कारण ते डांबरात बुडवलेले असायचे, आणि शिडं ओढायचे हलते दोर फिकट. किटातला सुती दोरा केसाळ असेल तर मेणाच्या गोळ्यावरून ओढा, किंवा चांगला पॉलिस्टर दोरा आणा. बाजूच्या जाड दोरांची सुरुवात उजवीकडच्या पुढच्या जोडीने, मग डावीकडची, असं आलटून पालटून, प्रत्येक वेळी डोलकाठी सरळ आहे ना बघत. दोर सतारीसारखे ताणू नका, ताठ दिसले की पुरे.

त्यांच्यावरच्या आडव्या पायऱ्या, रॅटलाइन, खऱ्या जहाजावर साधारण १५ इंचांवर, म्हणजे १:६४ ला ६ मिमी. पुठ्ठ्यावर ६ मिमीवर रेघा मारून तो मागे लावा आणि खालून वर जा, मधल्या दोरांवर खुंटगाठ, गाठ घट्ट करताना बाजूचे दोर आत ओढले जातायत का बघा, नाहीतर शिडी मधे कंबरेसारखी बारीक होते. गाठीवर पातळ केलेल्या फेविकॉलचा ठिपका. शिडं लावायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, मला विचाराल तर नको, किटातलं कापड स्केलला चादरीएवढं जाड दिसतं आणि एवढ्या मेहनतीने बांधलेले दोर त्याच्यामागे झाकतात.

झाल्यावर उघडी ठेवू नका, दोऱ्यांवरची धूळ ब्रशनेही धड निघत नाही. साइनबोर्डवाला अ‍ॅक्रिलिकची पेटी मापाने कापून जोडून देतो, मॉडेलच्या टोकांपासून सगळीकडे तीन-चार सेंटीमीटर मोकळी जागा धरून माप द्या. शेवटच्या वार्निशनंतर काही आठवडे थांबूनच बोट आत ठेवा, आणि पेटी हवाबंद करू नका, तळाला मागच्या बाजूने दोन भोकं ठेवून त्यांना आतून बारीक जाळी लावा म्हणजे किडे जात नाहीत, आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी तळाखाली सरकवता येईल एवढी फट सोडायला सांगा.